तात्पुरत्या छपराखालचा संसार

घरदार नसलेलं कुटुंब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा फुटपाथ येतो. वऱ्हाडात चित्र जरा वेगळं आहे. इथं घराबाहेर पडलेलं कुटुंब बहुतेक वेळा कुठल्यातरी छपराखाली टेकलेलं असतं. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या आवारात, अमरावतीत इर्विन किंवा डफरीन रुग्णालयाच्या व्हरांड्यात, महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात, पुराचं पाणी उतरेपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत, वीटभट्टीवरच्या पालात, नाहीतर घरकुलाचा पुढचा हप्ता पडेपर्यंत आपल्याच जागेवर उभारलेल्या टिनाच्या खोपटात. या सगळ्यांचे कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांत फिरतात. रुग्णालय आरोग्य खात्याकडे, निवारा नगरविकासाकडे, शाळेतली छावणी महसुलाकडे, भट्टीवरचं पाल कामगार खात्याकडे, खोपट ग्रामविकासाकडे. ज्या बाईला त्या छपराखाली संसार रेटायचा असतो तिच्यापुढचे प्रश्न मात्र सगळीकडे तेच असतात : चूल कुठं मांडायची, आंघोळ कधी उरकायची, सामानापाशी कोण बसणार, आणि पोट्ट्यांच्या शाळेचं काय.

म्हणून इथं या सगळ्या जागा एकाच विवेचनात घेतल्या आहेत. निवारा आपण डोकी मोजून उभारतो. कुटुंब मात्र दिवसाच्या घडीवर चालतं. निवाऱ्यात ही घडी बसली नाही की दोनांपैकी एक गोष्ट होते. कुटुंब निवारा सोडतं, किंवा निवाऱ्यात राहून फुटतं. पाहणाऱ्याला पहिल्या गोष्टीत लोकांचा बेफिकीरपणा दिसतो आणि दुसरी गोष्ट तर दिसतच नाही, कारण हजेरीपटावर सगळी माणसं जागच्या जागी असतात.

डोकी आणि चौरस फूट

2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली. इमारतीत किंवा जनगणनेच्या अर्थाने घर म्हणता येईल अशा जागेत न राहणारे, म्हणजे रस्त्याच्या कडेला, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात किंवा रेल्वे फलाटावर रात्र काढणारे, ते बेघर. त्या रात्री देशात 17 लाख 73 हजार माणसं अशी सापडली, महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांवर. ही व्याख्या आपल्या जागी ठीक आहे, पण ती वर सांगितलेल्या बहुतेक कुटुंबांच्या बाजूनं निघून जाते. दवाखान्यात पडून असलेल्याचं गावाकडे घर असतं. टिनाच्या खोपटाला घर क्रमांक मिळतो. पूरग्रस्त फेब्रुवारीत छावणीत नसतात.

मोजणीच्या पुढचा टप्पा निवाऱ्याचा. 2013 साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं आणि त्यात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याचा स्वतंत्र घटक आला. त्यामागे अन्नाच्या हक्काबाबत पीयूसीएल या संघटनेनं 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेली याचिका आणि त्यात पुढे निघालेले आदेश होते. निकष असा : एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची कायमची सोय, निवारा बारा महिने चोवीस तास उघडा, माणशी 50 चौरस फूट जागा. 2011 ची लोकसंख्या धरली तर अमरावती शहर 6 लाख 47 हजारांचं आणि अकोला सव्वाचार लाखांचं. म्हणजे अमरावतीत सहाशेवर आणि अकोल्यात चारशेवर माणसांची जागा हवी. 2016 मध्ये अकोल्याची हद्द वाढून आजूबाजूची 24 गावं शहरात आली, तो हिशेब यात धरलेला नाही.

माणशी 50 फूट हा आकडा मला फार बोलका वाटतो. नवरा, बायको, तीन मुलं असं पाच जणांचं कुटुंब धरा. त्यांच्या वाट्याला 250 चौरस फूट आले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट, आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली. याचा अर्थ, कागदावर निवारा कुटुंबाला जवळजवळ घरकुलाएवढीच जागा देतो. मग एका जागेत संसार होतो आणि दुसऱ्या जागेत का होत नाही? घरकुलातल्या 270 फुटांभोवती एक भिंत असते आणि त्या भिंतीला एक दार असतं. दालनातले 250 फूट म्हणजे शंभर तुकड्यांतले पाच तुकडे. त्यातले दोन पुरुषांच्या बाजूला गेले आणि तीन बायकांच्या, तर आकडा तेवढाच राहतो आणि कुटुंब दोन ठिकाणी झोपतं.

हे योजना आखणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. मार्गदर्शक सूचनांत पुरुषांचे, बायकांचे आणि कुटुंबांचे निवारे वेगवेगळे सांगितले आहेत. कुटुंबाच्या निवाऱ्यात आडोशाची खास रचना असावी, सामायिक स्वयंपाकघर असावं, गॅसची सोय असावी, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्राशी जोडणी असावी, हे सगळं लिहिलेलं आहे. पण लहान शहरात एखादी जुनी इमारत निवाऱ्यासाठी मिळाली की आधी खाटा भरतात. खाटा मोजता येतात, त्यांचा फोटो निघतो. आडोसा आणि चूल मागे राहते, आणि मागे राहिलेल्या गोष्टीचा पाठपुरावा करायला कुणाला सवड नसते.

चूल

चुलीवर जरा जास्त थांबावं लागेल, कारण निवाऱ्याचा सगळा वाद अखेर तिथं येतो. चालकांचं म्हणणं सरळ आहे : दालनात शंभर माणसं झोपतात, गाद्या-चादरी आहेत, स्टोव्ह नको, आग लागेल, दोन वेळचं जेवण आम्ही देतो किंवा जवळच्या शिवभोजन केंद्रावर मिळतं. आगीची भीती खरी आहे आणि ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. शिवभोजनाची थाळी ही 2020 च्या जानेवारीत सुरू झालेली खरोखर कामाची गोष्ट आहे. तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण. आधी दहा रुपयांत आणि त्याच वर्षी टाळेबंदी लागल्यावर काही काळ पाच रुपयांत. एकट्या माणसाची दुपार त्यात निघते.

आता हीच थाळी एका विशिष्ट कुटुंबापुढे ठेवून पाहू. पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतून आणि पुढे बुलडाण्यात तो पसरलेला आहे, सुमारे 900 गावं त्यात येतात. जमिनीतलं पाणी खारट. या भागातली मूत्रपिंडाची दुखणी लोक आणि डॉक्टर दोघेही या पाण्याशी जोडतात. मूत्रपिंड निकामी झालं की आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस, प्रत्येक वेळी चारेक तास मशीनवर. गावाहून दर खेपेला येणं-जाणं परवडत नाही, म्हणून अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयाजवळ किंवा अकोल्यात सर्वोपचारच्या आसपास कुटुंब मुक्काम टाकतं. या रोग्याला मीठ मोजून, वरण मोजून, पाणी तर घोटाघोटानं मोजून द्यायचं असतं. भाजी बारीक चिरून पाण्यात भिजत घालायची, ते पाणी फेकायचं, पुन्हा नव्या पाण्यात शिजवायची, तेही पाणी गाळून टाकायचं. असं केल्यानं भाजीतलं पोटॅशियम कमी होतं. पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं.

रुग्णालयाच्या कुंपणालगत तीन विटांच्या चुलीपुढे बसलेली बाई बटाट्याचं पाणी ओतून देताना दिसली, तर ती हा सगळा हिशेब पाळत असते. एकीकडे नवऱ्याची बिनमिठाची भाजी, दुसरीकडे त्याच तव्यावर ज्वारीची भाकर, लेकरांसाठी ठेचा किंवा बेसन. जळण म्हणून खोक्यांचे पुठ्ठे, वाळक्या फांद्या. पहारेकरी येऊन चूल विझवायला सांगतो, तो त्याचं काम करतो. ती चार पावलं पुढे सरकते. तिनं थाळी का नाकारली याचं कारण कुणी विचारलं तर ती ते नीट सांगेल, डॉक्टरांनी सांगितलेल्या शब्दांत सांगेल. पण निवाऱ्याच्या नियमात ‘जेवणाची सोय आहे’ एवढंच वाक्य असतं आणि त्या वाक्यात तिचा रोगी बसत नाही.

रोगी नसलेल्या घरातही चुलीचं काम जेवणापुरतं नसतं. रात्री दोनला उठलेल्या तान्ह्याला दूध कोमट करून द्यायचं असतं. तापातल्या पोराला पेज हवी असते. पहाटे कामाला निघालेल्या माणसाबरोबर भाकर बांधून द्यायची असते, नाहीतर तो दुपारी हॉटेलात मजुरीचा चौथा हिस्सा खर्चून येतो. पैशाचा हिशेबही चुलीपाशीच होतो : आज तेल किती घ्यायचं, उद्या काय राहू द्यायचं. तयार जेवण घेणाऱ्या कुटुंबात हा अधिकार बाईच्या हातून सुटतो आणि तिच्या जागी रांग येते. खाऊ घालणारी बाई खायला उभी राहते तेव्हा घरातला तिचा शब्द उतरतो, हे मुलंही चटकन ओळखतात.

आपल्याकडच्या जुन्या धर्मशाळेनं हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला होता. तिथं उतरणाऱ्याला अन्न द्यायचं की नाही ही नंतरची गोष्ट. आधी ओटा, पाणी, चुलीची जागा आणि भांडी. येणारा आपला शिधा घेऊन येणार आणि आपल्या हातानं रांधणार, हे गृहीत होतं. गाडगेबाबा याच मातीतले. 1876 मध्ये अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्मलेले, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेले, 1956 च्या डिसेंबरात वलगावच्या पेढी नदीपाशी देह ठेवलेले. पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट बांधण्यापासून सुरू झालेलं त्यांचं काम पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीच्या धर्मशाळांपर्यंत गेलं. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कर्करुग्णांना नातेवाइकांसह ठेवून घेते, आणि अमरावती-मुंबई गाडीनं येणाऱ्या वऱ्हाडी कुटुंबांना तिचा पत्ता तोंडपाठ असतो. ‘रोग्यासह नातेवाईक’ ही मोजणीच मुळात खाटेच्या मोजणीहून निराळी आहे. शहरी निवारा आखताना आपण पाश्चात्त्य धर्तीच्या डॉर्मिटरीकडे पाहिलं आणि घराजवळची ही रीत बाजूला राहिली, याची मला खंत वाटते.

इंग्लंडात हाच पेच निराळ्या रूपात दिसतो. तिथं लाखाच्या वर कुटुंबं सरकारी तात्पुरत्या निवासात आहेत, त्यांतली काही लॉज-हॉटेलांच्या खोल्यांत. खोलीला दार आहे, कुलूप आहे, पण चूल नाही, आणि मुलं केटलच्या गरम पाण्यात होणाऱ्या शेवयांवर दिवस काढतात. मुलं असलेल्या कुटुंबाला अशा जागेत सहा आठवड्यांहून जास्त ठेवू नये असा नियम 2003 मध्ये करावा लागला. तो सर्रास मोडतो ही गोष्ट वेगळी. श्रीमंत देशालाही चुलीवाचून कुटुंब ठेवण्याची मुदत ठरवावी लागली, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

अमरावती-अकोल्यासाठी उपाय अवघड नाही. दालनापासून तोडून, टिनाच्या शेडखाली, सिमेंटचे आठ-दहा ओटे, एक नळ आणि वाळूच्या बादल्या. पाच किलोचा लहान सिलिंडर आता पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. ओट्यावर तो चालेल.

दार, कुलूप आणि रात्र

निवाऱ्यात आलेल्या कुटुंबाचं सामान एकदा नीट पाहावं. दोन गोण्या, एक बोचकं. गोणीत परात, तवा, दोन गंज, ताटल्या, एखादं पिंप. बोचक्यात कपडे आणि पांघरुणं. आणि बाईच्या कमरेला किंवा छातीशी एक प्लॅस्टिकची पिशवी, तिला तीन गाठी मारलेल्या. तिच्यात आधार, राशनकार्ड, दवाखान्याची फाइल, पोराचा शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचं पुस्तक. गोणी चोरीला गेली तर आठवड्याची मजुरी गेली. ही पिशवी गेली तर दोन वर्षं गेली.

म्हणून सामानापाशी सतत एक माणूस बसून राहतं. कमावत्या दोघांपैकी एकाची मजुरी अशा रीतीनं राखणीत जाते, नाहीतर मोठ्या मुलीची शाळा जाते. मुलीची शाळा जाण्याचं प्रमाण जास्त दिसतं. कुटुंबाला कुलूप लावता येईल अशी एक लोखंडी पेटी दिली तर एक मजुरी किंवा एक शाळा वाचते. निवाऱ्यावर होणाऱ्या खर्चात इतकी परतफेड देणारी दुसरी वस्तू मला सुचत नाही.

2021 च्या जुलैत अकोल्यात मोर्णा नदीला पूर आला, वस्त्यांत पाणी शिरलं आणि माणसं शाळांत हलवावी लागली. अशा वेळी बायका-मुलं शाळेत येतात आणि घरचा पुरुष पडक्या भिंतीपाशी थांबतो. सामानाची राखण हे एक कारण. पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा घरी कुणी हवं, हे दुसरं आणि मोठं. त्यामुळे छावणीच्या यादीत कुटुंब चार जणांचं दिसतं, पाचवा ओल्या घरात उपाशी असतो. पंचनाम्याची तारीख आणि वेळ छावणीच्या फळ्यावर आदल्या दिवशी लिहिली, तर तोही रात्री शाळेत येऊन झोपेल.

रात्रीचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि त्याविषयी आपल्याकडे मोकळेपणानं लिहिलं जात नाही. दालनात दिवा रात्रभर जळतो, सुरक्षिततेसाठी जळावाच लागतो. बायका अंधार सरायच्या आत आंघोळ उरकतात, कारण उजाडल्यावर न्हाणीघरापुढे रांग लागते. पाळी आलेल्या मुलीला कपडे वाळत घालायला जागा नसते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा बायकांच्या बाजूला राहू देत नाहीत, मग तो अनोळखी पुरुषांत झोपतो आणि आईची झोप उडते. नवरा-बायकोला घडीभर बोलायलाही कोपरा मिळत नाही. कर्ज किती झालं, गावी परत जायचं का, पोरीचं काय करायचं, या गोष्टी घरात रात्री दिवा मालवल्यावर ठरतात. निवाऱ्यात त्या ठरतच नाहीत. साचतात, आणि मग दिवसा सगळ्यांदेखत भांडण होऊन बाहेर पडतात. चालक त्याला ‘हे कुटुंब भांडखोर आहे’ असा शेरा मारतो. प्लायवूडच्या सहा फुटी आडोशानं यातलं पुष्कळ सावरतं.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. 2024 च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी कलम 144 लावून मजुरांना सावली-पाणी द्यायला, शिकवणी वर्गांना वेळा बदलायला लावल्या. असल्या दिवसांत टिनाखाली दुपारी बसणं शक्य नसतं आणि स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो. वऱ्हाडी माणूस उन्हाळ्यात अंगणात नाहीतर गच्चीवर झोपतो. निवाऱ्याला गच्ची असते पण तिला कुलूप असतं. पाणी मारलेली गच्ची, चार पिंपं आणि बायकांसाठी एक कनात, इतकं जरी केलं तरी मे-जून निघतो.

वेळ कुणाच्या हातात

मेळघाटातली एक गोष्ट या विवेचनाला फार उपयोगी आहे. तीव्र कुपोषित बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण चौदा दिवस ठेवतात. आई बरोबर राहते, तिला बुडीत मजुरी मिळते, जेवण मिळतं, डॉक्टर असतो. तरीही कोरकू आदिवासी आया पाचव्या-सहाव्या दिवशी मूल घेऊन निघून जातात, आणि ‘लोकांना कळत नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो. त्या आईच्या घरी आणखी दोन लेकरं असतात. कोंबड्या-बकऱ्या असतात. सोंगणीचे दिवस असले तर वर्षाची कमाई त्याच पंधरवड्यात असते. केंद्रानं एक मूल आणि एक आई अशी दोन डोकी मोजली; उरलेलं घर पाड्यावर होतं आणि ते तिला ओढत होतं. मजुरीची भरपाई मिळते, पण सकाळी धाकट्याला कोण उठवेल याची भरपाई पैशात होत नाही.

याच मेळघाटात माहेरघर योजनेनं उलट टोकापासून विचार केला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातच जागा, गरोदर बाई दिवस भरत आले की तिथं येऊन राहणार, बरोबर एक नातेवाईक आणि लहान मूल आणणार, जेवणाचं काम बचत गटाकडे. तिचा वापर सगळीकडे हवा तेवढा होत नाही. पण मोजायचं एकक इथं बरोबर पकडलं आहे. बाई आली म्हणजे तिचं धाकटं येणार, हे आधीच मान्य केलं आहे. अशी मान्यता एका जागी लिहून ठेवली की पुढच्या दुरुस्त्या सोप्या जातात. कोरकू कुटुंबं मजुरीसाठी खाली मैदानात उतरतात आणि होळीला कुठूनही परत वर जातात, हे तर पंचांगाइतकं पक्कं आहे. मुक्कामाची कुठलीही योजना त्या वेळापत्रकाला धरून आखावी लागेल.

शहरातल्या निवाऱ्यात वेळेचा जाच रोजचा आहे. कचरा-भंगार वेचणारी बाई पहाटे पाचला निघते. लग्नसराईत केटरिंगला गेलेला पोरगा रात्री एकला येतो. बांधकामाचा मजूर आठच्या आत चौकात उभा राहिला नाही तर त्या दिवशी काम नाही. नाश्ता आठला आणि दार रात्री दहाला बंद, असं वेळापत्रक नोकरदाराला शोभतं. दारावर रात्रपाळीचा माणूस असेल तर दार उघडं ठेवता येतं. चोवीस तासांचा नियम मुळात त्यासाठीच आहे.

शाळा आणि पत्ता

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवावं लागतं. दार उघडं आहे. अडचण पुढची आहे : दोन महिन्यांनी मुक्काम हलला की वर्ग सुटतो, आणि तिसऱ्या शाळेनंतर मूल स्वतःच जायचं थांबतं. फासेपारध्यांच्या मुलांसाठी मतीन भोसले यांनी 2012 मध्ये नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला ‘प्रश्नचिन्ह’ ही निवासी शाळा काढली, ती नेमकी या मुद्द्यावर. रेल्वे स्थानकांवर भीक मागणारी मुलं त्यांनी एका ठिकाणी आणली, म्हणजे मुलांना आईबापांच्या मुक्कामापासून सोडवलं. गंमत नव्हे, दुःख याचं की त्या शाळेच्या काही इमारतीच समृद्धी महामार्गाच्या आखणीत आल्या आणि पाडल्या गेल्या. निवासी शाळा मूल वाचवते यात शंका नाही. पण कुटुंबाजवळ राहून शिकणं अशक्य झालं म्हणून मुलाला दूर ठेवावं लागतं, ही किंमत आहे, आणि ती किंमत म्हणूनच नोंदली पाहिजे.

पत्त्याचा प्रश्न मतदार यादीनं सर्वांत समजूतदारपणे सोडवलाय. बेघर माणसानं नाव नोंदवायचा अर्ज केला, तर केंद्रस्तरीय अधिकारी त्यानं सांगितलेल्या जागी रात्री जाऊन तो खरोखर तिथं झोपतो का हे पाहतो, आणि तीच जागा पत्ता म्हणून धरली जाते. कागद मागण्याऐवजी माणसाकडे जाण्याची ही पद्धत राशन, जातीचा दाखला आणि घरकुलाच्या अर्जालाही लागू करायला कसली हरकत असावी? एक देश एक राशनकार्ड आल्यापासून धान्य कुठल्याही दुकानात उचलता येतं. पण नवं कार्ड काढायचं असलं की गाडी पुन्हा पत्त्यावर अडते. निवाऱ्याच्या व्यवस्थापकाच्या सहीचा दाखला सर्व कचेऱ्यांनी मान्य करावा, एवढा एक शासन निर्णय पुरे आहे.

बाहेर पडण्याचा रस्ता

तात्पुरता मुक्काम किती दिवस तात्पुरता राहतो, हे पुढची पायरी किती उंच आहे यावर ठरतं. निवाऱ्यातून भाड्याच्या खोलीत जायचं तर डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं एकदम लागतं. हातावर पोट असलेल्या माणसाकडे तेवढी रक्कम एका वेळी कधीच नसते. दर महिन्याचं भाडं मात्र तो भरू शकतो. म्हणजे अडसर भाड्याचा नसून पहिल्या दिवसाचा आहे. हप्त्यानं फेडायच्या बिनव्याजी डिपॉझिटची सोय निवाऱ्याशी जोडली, तर खाट लवकर मोकळी होते.

घरकुलाचं खोपट हा यातला सर्वांत उपेक्षित प्रकार. यादीत नाव आलं, मातीचं जुनं घर पाडलं, कारण त्याच जागेवर नवं उभं करायचं. सपाट भागात अनुदान एक लाख वीस हजार, त्यावर रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे बारा हजार. 2025 मध्ये राज्यानं आणखी पन्नास हजारांची भर घातली. पैसा टप्प्याटप्प्यानं येतो, प्रत्येक टप्प्याचा जागेवरून फोटो चढवावा लागतो. पाच ब्रास रेती मोफत आहे, पण ती नदीवरून दारात आणायची कुणी? एक हप्ता लांबला की काम जोत्यावर थांबतं, आणि कुटुंबाचा एक पावसाळा चार टिनांखाली जातो. सापविंचू, ओली जमीन, भिजलेलं धान्य. घरकुल मंजूर झालेल्यांच्या यादीत हे कुटुंब लाभार्थी असतं, त्यामुळे बेघरांच्या कुठल्याच यादीत ते येत नाही.

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात नवी इमारत होईपर्यंत रहिवाशाला पर्यायी जागेचं भाडं देण्याची जबाबदारी विकासकावर असते, आणि तो टाळाटाळ करतो म्हणून प्राधिकरणानं दोन वर्षांचं भाडं आगाऊ भरून घ्यायला सुरुवात केली. जुनं छप्पर काढल्यापासून नवं मिळेपर्यंतचा काळ हा बांधणाऱ्याच्या खर्चात धरायचा, हे तत्त्व महाराष्ट्रानं मान्य केलेलं आहे. मूर्तिजापूर किंवा दर्यापूर तालुक्यातल्या घरकुलात बांधणारं सरकार आहे. तेव्हा पहिल्या हप्त्याबरोबर सहा महिन्यांचं खोलीभाडं, किंवा पक्क्या शेडचे पत्रे आणि खांब, याची तरतूद त्याच अंदाजपत्रकात असायला हवी. आणि जून ते सप्टेंबर या काळात कुणालाही जुनं घर पाडायला सांगू नये.